पुण्याची तारीख चार महिन्यांनी, तोवर थेरपी थांबवायची का?

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षं तीन महिन्यांचा आहे. हाक मारली तर बघत नाही, पण मिक्सर लावला की दुसऱ्या खोलीत कान झाकून बसतो. बोट करून काही दाखवत नाही. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठापाशी नेतो आणि माझा हात तांब्यावर ठेवतो. सव्वा वर्षाचा असताना आठ-दहा शब्द बोलायचा, त्यातले बरेच गेले. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी वीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, नऊ गुण आले. ऑटिझमच्या तपासणीसाठी पुण्याच्या डॉक्टरांची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली आहे. इथे विजापूर रोडला एक स्पीच थेरपिस्ट लगेच घ्यायला तयार आहेत. पण जाऊबाई म्हणतात, आधी तपासणी होऊ दे. थेरपी केली तर मूल सुधारल्यासारखं दिसतं, डॉक्टर 'काही नाही' म्हणून परत पाठवतात आणि सर्टिफिकेटही मिळत नाही. सासूबाई म्हणतात, याचे वडीलही उशिराच बोलले. घरात सासूबाई तेलुगू बोलतात, आम्ही दोघं मराठी. मी काय करू?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, थांबू नका. स्पीच थेरपी या आठवड्यातच सुरू करा आणि पुण्याची तारीखही सोडू नका. सुरू करण्याआधी दोन-तीन दिवसांचं एक काम मात्र आहे, ते पुढे येईलच. जाऊबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही, म्हणून आधी तेच उलगडून पाहू.

ऑटिझम रक्ताच्या तपासणीत कळत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. तज्ज्ञ मुलाशी खेळतात, आईवडिलांना खोदून खोदून विचारतात आणि दोन्ही जुळवून निदान करतात. त्यातला खेळाचा भाग त्या दिवशी, त्या खोलीत मूल काय करतं यावर असतो. मधल्या चार महिन्यांत ते काही शिकलं असेल तर ते तिथे दिसणारच. इथपर्यंत जाऊबाई बरोबर आहेत. त्यापुढचं, म्हणजे चार महिन्यांच्या थेरपीने सगळं झाकलं जाईल आणि डॉक्टर फसतील, हे बरोबर नाही.

अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे कामाचा आहे. दीड ते अडीच वर्षांची ४८ मुलं घेतली होती, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाची. अर्ध्यांना आठवड्याला २० तास, अशी दोन वर्षं थेरपी देण्याचं ठरलं. बाकीच्यांना त्यांच्या भागात जी मिळेल ती. दोन वर्षांनी थेरपीच्या गटाचा बुद्ध्यंक सरासरी साडेसतरा गुणांनी वाढला, दुसऱ्या गटाचा सातने. भाषा सुधारली, रोजची कामं सुधारली. थेरपीच्या गटातल्या ७ मुलांचं निदान सौम्य प्रकारात गेलं, दुसऱ्या गटात फक्त एकाचं. पण एडॉस या खेळातून करायच्या तपासणीत ऑटिझमच्या लक्षणांची जी तीव्रता मोजतात, तिच्यात दोन गटांमध्ये म्हणावा असा फरक आला नाही. आठवड्याला २० तासांच्या हिशेबाने दोन वर्षं चाललेल्या थेरपीने जे झाकलं गेलं नाही, ते आठवड्यातून दोनदा पाऊण तास, असं चार महिने करून झाकलं जाईल हे संभवत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑस्ट्रेलियात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या आसपासची बाळं होती, ज्यांच्यात नुसती सुरुवातीची चिन्हं दिसत होती. त्यांच्या आईवडिलांना पाच महिन्यांत दहा वेळा मार्गदर्शन केलं. मुलं तीन वर्षांची झाली तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्या गटात ६.७ टक्के मुलं निदानाच्या निकषात बसली, दुसऱ्या गटात २०.५ टक्के. म्हणजे फार लवकर सुरुवात झाली तर निदानापर्यंत फरक पडू शकतो. अभ्यास लहान होता आणि बाळं तुमच्या मुलापेक्षा बरीच लहान होती, तेव्हा हाच आकडा तुमच्या घराला लावू नका. पण समजा असा फरक पडलाच, तर त्यात नुकसान कुणाचं? ज्या मुलाची अडचण इतकी कमी झाली की निकषात बसत नाही, त्याच्या आईने 'सर्टिफिकेट हुकलं' म्हणून हळहळावं, असं आम्हाला तरी वाटत नाही.

आता पुण्यात काय होईल ते. चार महिन्यांनी मुलगा ३१ महिन्यांचा असेल. एडॉस-२ मधला अगदी लहानांसाठीचा भाग ३० महिन्यांपर्यंतच वापरतात, त्यामुळे तोवर जोडून वाक्यं आली नसतील तर बहुतेक त्याचा 'मॉड्यूल १' घेतील. पाऊण ते एक तास लागतो. एडॉस सगळीकडे नसतं. काही ठिकाणी कार्स-२ वापरतात, काही ठिकाणी भारतातच तयार झालेली आयएनडीटी, जी २ ते ९ वर्षांसाठी आहे. साधन कोणतं यापेक्षा ते हाताळणारी नजर किती मुरलेली आहे, याला जास्त महत्त्व.

साबणाच्या फुग्यांचं बघा. तपासणारी बाई फुगे उडवते, मूल हरखतं, आणि मग ती थांबते. बाटली हातात, तोंडाने काही नाही. आता मूल काय करतं? थेरपीत शिकलेलं मूल बाटलीकडे हात करील, 'दे' म्हणेल, कदाचित बोटही दाखवील. ही झाली मागणी, आणि मागणी थेरपीत लवकर येते, कारण तिला लगेच फळ मिळतं. पण फुगा फट्कन फुटला तेव्हा त्याने फुग्यावरची नजर उचलून समोरच्या बाईंच्या तोंडाकडे पाहिलं का? मागे वळून तुमच्याकडे पाहिलं का, 'आई, बघितलंस?' अशा चेहऱ्याने? त्यातून त्याला काही मिळायचं नसतं, फक्त मजा वाटून घ्यायची असते. हे आपणहून यायला खूप वेळ लागतो. नजर, हात आणि आवाज तिन्ही एका वेळी जुळून येतात का, हेही त्या बाई टिपत असतात. बोट दाखवतं पण नजर बोटाबरोबर जात नाही, 'दे' म्हणतं पण भिंतीकडे बघून, हे मुरलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

शिवाय निदान त्या एका तासावर होत नाही. डीएसएम-५ हे निकषांचं पुस्तक २०१३ साली आलं. त्यात लक्षणं 'सध्या असलेली किंवा पूर्वी होऊन गेलेली' अशी दोन्ही धरायची, असं स्पष्ट दिलंय. तपासणीच्या दिवशी मुलगा हाकेला वळला, तरी सव्वादोन वर्षांपर्यंत वळत नव्हता हे तुम्ही नीट सांगितलंत तर ते गणलं जातं. मग सगळी भिस्त कशावर आली? तुमच्या आठवणीवर. आणि आईची आठवण इथे दगा देते. मूल सुधारायला लागलं की तीन महिन्यांत आधीचं विसरायला होतं. 'नाही हो, बघतो की हाकेला' असं आपण अगदी मनापासून सांगतो.

म्हणून थेरपीच्या पहिल्या दिवसाआधीचं ते काम. आजचा मुलगा जसा आहे तसा टिपून ठेवा.

माठाचा व्हिडिओ आजच काढा. मनगट धरून नेणं, तुमचा हात तांब्यावर ठेवणं, त्या वेळी तुमच्या तोंडाकडे न बघणं. चांगली थेरपी सगळ्यात आधी हीच गोष्ट बदलते, महिन्याभराने तुम्हाला ती टिपायला मिळणार नाही. मग हाकेचा : टीव्ही बंद, तो खेळण्यात, तुम्ही त्याच्या मागे पाच-सहा फुटांवर. नेहमीच्या आवाजात तीन वेळा नाव, प्रत्येक हाकेनंतर चार-पाच सेकंद थांबायचं. टाळ्या वाजवू नका, 'चॉकलेट' म्हणू नका. एकटा खेळतानाचा एक. गाडीचं चाक फिरवत बसतो का, वस्तू ओळीत लावतो का, ते आपोआप येईल. जेवतानाचा एक. दुसऱ्या मुलाबरोबरचा एक. खूप आनंदात असतानाचा एक, कारण हात फडफडवणं, टाचा उचलून चालणं हे बहुधा तेव्हाच दिसतं. चिडतो, कान झाकतो त्या वेळचा एक, पण त्यासाठी मुद्दाम मिक्सर लावू नका. सासूबाई त्याला तेलुगूतून खेळवतायत असाही एक हवाच.

प्रत्येक व्हिडिओ दीड-दोन मिनिटांचा, मोबाइल आडवा, मुलाचं तोंड आणि समोरचा माणूस दोघंही चौकटीत. सुरुवातीला तारीख तोंडाने सांगा. बोलावून, हसवून, 'दाखव ना बाळा' करून काढलेले व्हिडिओ निरुपयोगी. ते पाहून डॉक्टरांना तुमची धडपड दिसते, मूल दिसत नाही. घरच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे व्हिडिओ दाबला जाऊन धूसर होतो, आणि मुलाचे असे क्षण पन्नास मोबाइलवर कशाला हवेत?

गेलेल्या शब्दांचा पुरावा जुन्या व्हिडिओंत असतो. जावळाचे, पहिल्या वाढदिवसाचे, गड्ड्याच्या जत्रेतले व्हिडिओ शोधा आणि ज्या मोबाइलवर काढले त्याच्यावरूनच घ्या; फॉरवर्ड होऊन आलेल्यावर तारीख चुकीची दिसते. कोणता शब्द शेवटचा कधी ऐकला, हे दोन-चार ओळींत लिहा. आलेले शब्द जाणं ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत सांगायची. त्याच्या जोडीला मधेच टक लावून थिजणं, अंगाला झटके असं काही असेल तर पुण्याची वाट न बघता इथल्याच डॉक्टरांना दाखवा, कदाचित ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, सांगतील.

कानाची तपासणीही या चार महिन्यांतच उरका. 'मिक्सरला घाबरतो म्हणजे ऐकू येतं' ही ठरलेली चूक आहे. मोठा घरघराट ऐकू येऊनही 'स', 'श', 'फ' यांसारखे बारीक आवाज निसटत असू शकतात, किंवा सर्दीनंतर कानात पाणी साठलेलं असू शकतं. ओएई (कानाचा आतला भाग नीट काम करतो का) आणि बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का) या दोन्ही तपासण्या या वयात होतात. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि वाटेत रिक्षात डोळा लागू देऊ नका. हा रिपोर्ट नसला की पुण्यात 'आधी कान तपासून या' म्हणतात आणि चार महिन्यांची तारीख वाया जाते. ऐकायला कमी येणाऱ्या मुलाला ऑटिझमचा शिक्का बसणं, ही तर थेरपीने निदान झाकलं जाण्यापेक्षा खरी भीती आहे.

वीस प्रश्नांचा तो फॉर्म एम-चॅट-आर. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची ही नुसती चाळणी आहे, निदान नाही. ० ते २ गुण म्हणजे सध्या फारशी काळजी नाही, ३ ते ७ असले तर आणखी प्रश्न विचारून खात्री करतात, ८ किंवा त्याहून जास्त असले तर थेट पूर्ण तपासणीला पाठवतात. तुमचे ९. तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी तारीख घ्यायला लावली ते अगदी योग्य केलं. त्या फॉर्मची झेरॉक्स फाइलला लावा. दोन महिन्यांनी पुन्हा भरून 'बघा, कमी झाले' असं स्वतःच ठरवू नका.

आता थेरपी कोणती आणि कशी, कारण खरा घोळ इथे होतो. तपासणीचं चित्र बिघडवणारी थेरपी असते, पण ती मुलाला सुधारून बिघडवत नाही. हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ' असं दिवसाला पन्नासदा केलं, की मूल हुकमाने डोळ्यात बघतं आणि बाकी वेळ आणखी टाळतं. कार्डं दाखवून फळं, प्राणी, रंग पाठ करून घेतले, की चाळीस शब्द येतात, घरचे खूश होतात, आणि तहान लागल्यावर मूल परत मनगटच धरतं. खुर्चीला टेबल लावून बसवून ठेवणाऱ्या ठिकाणी मूल आज्ञा पाळायला शिकतं. आपणहून काही करणं मागे पडतं. मग तपासणीत ते 'सांगितलं की करतं' असं दिसतं, आणि नवख्या माणसाला ते ठीकठाक वाटू शकतं. या तिन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यात दिसल्या तर थेरपिस्टशी स्पष्ट बोला. 'तीन महिन्यांत बरं करून देतो' असा बोर्ड असेल तर पायरीही चढू नका.

स्पीच थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, संकोच नको. पहिल्याच भेटीत त्यांना सांगा : 'सुरुवातीची स्थिती लेखी द्या.' एक पान पुरे. शब्द किती कळतात, किती बोलतो, मागणी कशी करतो, हाकेला दहापैकी किती वेळा प्रतिसाद, अनुकरण करतो का, खाली तारीख आणि सही. पुण्याला जाण्याच्या आठवड्यात असंच दुसरं पान घ्या. ही दोन पानं शेजारी ठेवली की तपासणाऱ्याला थेरपीने काय बदललं आणि काय बदललं नाही ते सरळ वाचता येतं. जाऊबाईंना जे झाकण वाटतंय, तीच उलट निदानाला मदत होते : चार महिने मेहनत करून शब्द वाढले पण वाटून घेणं वाढलं नाही, याला फार अर्थ असतो. चार महिन्यांत बोट, नजर, नक्कल सगळं धडाधड आलं, यालाही तितकाच.

आठवड्यातला दीड तास थेरपिस्टचा, बाकीचा सगळा तुमचा. गोव्यात आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिगरतज्ज्ञ आरोग्य कार्यकर्त्यांनी आईवडिलांना १२ भेटींत शिकवलं, आणि आईवडिलांच्या मुलाशी वागण्यात स्पष्ट फरक पडला. मुलंही संवादाला जास्त वेळा आपणहून सुरुवात करू लागली. करायचं काय असतं? दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं जमिनीवर त्याच्या समोर बसायचं. तो जे करतोय तेच करायचं. तो वाटी आपटतोय तर तुम्हीही आपटा. प्रश्न विचारायचे नाहीत. 'हे काय? ते काय?' एकदम बंद. त्याच्या मनात असेल तो एकच शब्द म्हणायचा.

माठाचं असं करा. मनगट धरलं की जा, अडवू नका. तांब्यात दोन घोटच पाणी द्या. पिऊन झालं की तांब्या तुमच्या तोंडाजवळ धरा आणि थांबा. मनात सातपर्यंत मोजा. हे सात आकडे फार लांब वाटतात, आपण तिसऱ्यालाच 'पाणी हवं का राजा?' म्हणून टाकतो आणि त्याची संधी जाते. त्याने आवाज केला, नजर टाकली, हात हलवला, काहीही केलं तरी 'पाणी' म्हणून लगेच द्या. काहीच केलं नाही तरी सातनंतर 'पाणी' म्हणून द्या. तहानलेल्या मुलाला शब्दासाठी रडवायचं नाही.

मोबाइल-टीव्ही या वयात बंद केलेलाच बरा, कारण त्या वेळात समोरासमोर खेळ होतो. 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे मोबाइल-टीव्हीमुळे झालेला ऑटिझम, असं निदान मात्र निकषांच्या पुस्तकात नाही. मोबाइल बंद करून दोन महिने वाट बघा, असं कुणी सांगितलं तर मोबाइल बंद करा, वाट बघू नका.

चार महिने एक वही ठेवा. पानावर मधे उभी रेघ : डावीकडे 'आपणहून', उजवीकडे 'सांगितल्यावर किंवा शिकवलेलं'. 'टाटा केला, थेरपीत, हात धरून' हे उजवीकडे. 'काका निघाले तेव्हा स्वतः टाटा केला' हे डावीकडे. आठवड्याला चार-पाच ओळी खूप झाल्या. पुण्यात ही वही तुमच्या फाइलमधल्या कुठल्याही रिपोर्टइतकीच उपयोगी पडेल.

तपासणीआधी 'खरं चित्र दिसावं' म्हणून पंधरा दिवस थेरपी बंद करणारे आहेत. त्याने काही साधत नाही, मूल तेवढं गोंधळतं. फुगे, बाहुलीचा वाढदिवस, असल्या तपासणीतल्या खेळांची घरी रंगीत तालीमही करू नका. याउलट ज्या गोष्टींनी निकाल खरोखर हलतो त्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. पहाटे उठवून हुतात्मा एक्स्प्रेसने नेलेलं, डब्यात न झोपलेलं, सर्दीने नाक गळणारं मूल अकरा वाजता खेळायला बसवलं, तर ते कुणाकडेच बघणार नाही. मग लक्षणं आहेत त्याहून जास्त दिसतात. शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. त्याच्या झोपेची वेळ टाळून मागा. ताप असेल तर फोन करून तारीख बदला. ओळखीचा खाऊ, ओळखीचं पांघरूण बरोबर घ्या. आणि संपल्यावर तपासणाऱ्याला एक गोष्ट जरूर सांगा : आज तो नेहमीसारखा होता, की जास्त गप्प, की जास्त चिडका. चांगले तपासनीस हे स्वतःच विचारतात.

निकाल काठावरचा आला तर? कार्स-२ मध्ये १५ बाबी असतात, एकूण ३० गुणांपाशी रेघ. कुणी ३१ वर असतं, कुणी २८ वर, आणि दोघांच्या अडचणी जवळपास सारख्या. साडेअठ्ठावीस आले म्हणून 'काही नाही' असा अर्थ काढून थेरपी सोडली, की मूल अंगणवाडीत किंवा बालवाडीत गेल्यावर तेच प्रश्न नव्याने उभे राहतात. काठावरच्या मुलाला सहा महिन्यांनी ते वर्षाने पुन्हा बघायला सांगा, आणि तसं कागदावर लिहून घ्या. या वयाचं निदान बदलू शकतं. बॉस्टनमध्ये तीन वर्षांच्या आत निदान झालेली २१३ मुलं पाच ते सात वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. त्यांतली ३७ टक्के निकषात बसली नाहीत. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. कुणाचं निदान टिकलं आणि कुणाचं नाही, याचा थेरपीच्या तासांशी मात्र संबंध दिसला नाही. ज्यांची रोजची कामं करण्याची क्षमता सुरुवातीलाच बरी होती, त्यांच्यात बदल जास्त होता.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर आत्ता त्याची घाईच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे. टक्केवारी काढायला आयएसएए ही ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात, साधारण तीन वर्षांपुढे. गुण ४० ते २०० : ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचंच प्रमाणपत्र मिळतं आणि नंतर पुन्हा मोजतात, म्हणजे आज थेरपी रोखून वाढवलेले गुण काही जन्मभर पुरणार नाहीत. तिथेही वाढवून सांगू नका, कमीही सांगू नका, वही दाखवा. प्रमाणपत्र झालं की यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतला वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा यांचं बघता येईल.

थेरपीचा खर्च जड जात असेल तर अंगणवाडी ताईंना भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्यांच्या चिठ्ठीवर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत सेवा मिळते. सिव्हिलमध्ये बालरोग विभागात चौकशी करा.

राहिल्या सासूबाई. वडील उशिरा बोलले असतील, आणि तशी मुलं असतातही. पण नुसतं उशिरा बोलणारं मूल बोट दाखवतं, हाकेला वळतं, शब्दांऐवजी हातवारे करून घर डोक्यावर घेतं, आणि आलेले शब्द गमावत नाही. एवढा फरक त्यांना सांगा, वाद घालू नका. तेलुगू मात्र बंद करू नका. दोन भाषांनी ऑटिझम होत नाही, वाढतही नाही, आणि आजीच्या तोंडून सहज येणारी भाषा हिसकावून घेतली तर घरातलं बोलणंच अर्धं होतं. थेरपिस्टला दोन्ही भाषांतले शब्द मोजायला सांगा. 'पाणी' आणि 'नीळ्ळु' हे दोन्ही कळत असतील तर दोन्ही धरायचे. मराठीत 'इकडे ये' म्हटल्यावर न हलणारं मूल 'इटु रा' म्हटल्यावर येत असेल, तर तपासणीच्या खोलीत ते कळायला हवं. पुण्यात कुणाला तेलुगू येईल याची खात्री नाही, तेव्हा तिकिटं काढताना सासूबाईंचंही काढा.